वजन नव्हे, पृष्ठभाग: एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी सोन्याची नाणी जमवताना

अमेरिकेची वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी घ्या. एक १८५७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेलं, दुसरं १८७० साली नेवाडातल्या कार्सन सिटीत. दोन्हींचं वजन ३३.४३६ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, शुद्धता ९० टक्के. दोन्हींवर जेम्स लॉन्गेकरने घडवलेला लिबर्टी या स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा. प्रत्येकात ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडं जास्त शुद्ध सोनं. सराफाच्या काट्याला दोन्हींत काडीचाही फरक दिसणार नाही.

पण पहिलं नाणं कोऱ्या, कधीच न वापरलेल्या अवस्थेत आज हजारोंच्या संख्येने उपलब्ध आहे. दुसरं त्या अवस्थेत जगात एकही माहीत नाही. कार्सन सिटीने त्या वर्षी ३,७८९ नाणी पाडली. त्यांतली जी थोडी उरली ती सगळी दुकानांतून, पेढ्यांतून, पगाराच्या पाकिटांतून फिरलेली. म्हणून १८५७ च्या नाण्यासाठी ‘उच्च प्रत’ म्हणजे एमएस-६५ (या अंकांचा अर्थ पुढे येतो) आणि त्याहून वर, तर १८७० च्या नाण्यासाठी एयू-५० म्हणजे जवळपास शिखर.

हा छंद करू पाहणाऱ्याने सगळ्यांत आधी हे मनात ठसवून घ्यावं. उच्च प्रत ही निरपेक्ष गोष्ट नाही. प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ यांची स्वतःची पट्टी असते. ती पट्टी शिकायची, आणि तिच्यावर अंक कितीही आला तरी पैसे मोजायचे ते न बिघडलेल्या पृष्ठभागासाठी. अमेरिकेत राहून हा छंद धरणारे मराठी वाचक हळूहळू वाढताहेत, तर काही जण भारतात बसून तिथल्या लिलावांत बोली लावतात. दोघांनाही उपयोगी पडतील अशा गोष्टी पुढे क्रमाने मांडतो.

चांगल्या अवस्थेतली नाणी उरली का नाहीत

दुर्मिळतेची कारणं कळली की कोणत्या नाण्यासाठी किती थांबायचं याचा अंदाज येतो.

पहिलं कारण १८३४ सालचा कायदा. त्याआधीच्या अमेरिकी सोन्याच्या नाण्यांत दर्शनी किमतीपेक्षा जास्त किमतीचं सोनं होतं, त्यामुळे ती व्यवहारात टिकत नव्हती. निर्यात व्हायची, वितळवली जायची. १८३४ मध्ये नाण्यांतलं सोनं कमी केल्यावर उरलीसुरली जुनी नाणीही मुशीत गेली. १८२२ च्या पाच डॉलरच्या नाण्याची नोंदलेली संख्या १७,७९६; आज माहीत आहेत ती फक्त तीन. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरं मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणून १८३४ पूर्वीची नाणी हा स्वतंत्र आणि फार महागडा प्रांत. नवशिक्याने तो लांबूनच पाहावा.

दुसरं कारण म्हणजे वापर. दक्षिणेत आणि पश्चिमेत सोनं रोजच्या व्यवहारात फिरायचं. नॉर्थ कॅरोलायनातली शार्लट आणि जॉर्जियातली डलॉनेगा या दोन टांकसाळी १८३८ मध्ये सुरू झाल्या त्या आसपासच्या खाणींतलं सोनं जागच्या जागी नाण्यांत बदलण्यासाठी. डलॉनेगाचा सारा मुलूख त्याआधी चेरोकी लोकांचा होता; सोनं सापडल्यावर त्यांना तिथून हुसकावण्याची घाई झाली. या दोन्ही टांकसाळींनी फक्त सोन्याची नाणी पाडली, तीही थोडी, आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाबरोबर त्या बंद पडल्या. त्यांची नाणी शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातांत झिजली.

तिसरं कारण संग्राहकांच्या सवयीचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी संग्राहक साल पाहायचे, टांकसाळ पाहत नसत. फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीचं त्या वर्षीचं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं, नाणं घेतलं की त्यांचं काम झालं. ऑगस्टस हीटनने १८९३ मध्ये टांकसाळीच्या चिन्हांवर पुस्तिका लिहिली, तेव्हा कुठे ‘सी’, ‘डी’, ‘ओ’, ‘एस’, ‘सीसी’ या बारीक अक्षरांकडे लोकांचं लक्ष गेलं. तोवर शार्लट आणि डलॉनेगा बंद होऊन तीस वर्षं उलटली होती. ती नाणी कोरी असताना कुणी बाजूला काढून ठेवलीच नव्हती. त्यात वीस डॉलर ही त्या काळी मोठी रक्कम. ती हौसेखातर पेटीत अडकवून ठेवणारे विरळाच.

चौथं कारण १९३३. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ५ एप्रिलच्या आदेशाने नागरिकांना सोन्याची नाणी सरकारजमा करावी लागली. दुर्मीळ आणि संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोलाच्या नाण्यांना सूट होती, पण सामान्य माणसाला ती पारख कुठून असणार? पुष्कळ नाणी वितळली. वाचली ती बहुतेक आधीच परदेशी गेलेली, युरोपातल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बँकांच्या तिजोऱ्यांत पोत्यांनी पडून राहिलेली. ती पुढे अनेक दशकं परत येत राहिली, अजूनही येतात. या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा वळावं लागेल, कारण त्यात संग्राहकाचं नुकसान दडलेलं आहे.

आधी क्षेत्र आखा, मग खरेदी करा

‘अमेरिकी सोनं जमवतो’ असं म्हणणाऱ्याचा संग्रह सहसा विस्कळीत होतो. सुरुवातीला तीन वाटा डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

पहिली वाट प्रकारांची. एकोणिसाव्या शतकातल्या, १८४० पासूनच्या नियमित सोन्याच्या नाण्यांचा बारा नाण्यांचा संच जमतो. एक डॉलरचे तीन प्रकार, अडीच डॉलरचा एक, तीन डॉलरचा एक, पाच डॉलरचे दोन, दहा डॉलरचे दोन आणि वीस डॉलरचे तीन. पाच आणि दहा डॉलरचे दोन प्रकार होतात ते ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे ब्रीद १८६६ मध्ये आल्यामुळे. वीस डॉलरच्या नाण्यात १८५० ते १८६६ ब्रीदाशिवाय, १८६६ ते १८७६ ब्रीदासह, आणि १८७७ पासून मूल्य पूर्ण शब्दांत लिहिलेलं, असे तीन टप्पे आहेत. या बारांत सगळ्यांत जास्त घाम काढतो तो १८५४ ते १८५६ मधला एक डॉलरचा दुसरा प्रकार. त्याचा साचा इतका उंच कोरलेला होता की छाप नीट उठतच नसे. पाठोपाठ ब्रीदाशिवायचं दहा डॉलरचं नाणं. कोऱ्या अवस्थेत ते मिळवायला बारा नाण्यांपैकी इतर कित्येकांपेक्षा जास्त धीर लागतो.

दुसरी वाट टांकसाळींची. पाच डॉलरचं नाणं हे सात वेगवेगळ्या अमेरिकी टांकसाळींत पाडलं गेलेलं एकमेव मूल्य आहे. डेन्व्हर विसाव्या शतकातली. ती वगळली तर एकोणिसाव्या शतकातल्या सहा उरतात: फिलाडेल्फिया, शार्लट, डलॉनेगा, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को आणि कार्सन सिटी. या सहांचं प्रत्येकी एक नाणं, एकाच मूल्यात. मर्यादित खर्चात अमेरिकेच्या शतकाचा भूगोल हाती येतो, आणि सहा टांकसाळींच्या छापांतला, रंगांतला फरक शेजारी ठेवून पाहता येतो. मला विचाराल तर पहिल्या काही वर्षांसाठी याहून चांगली शाळा नाही. लक्षात ठेवा, ‘डी’ हे अक्षर १८६१ पर्यंत डलॉनेगाचं आणि १९०६ पासून डेन्व्हरचं आहे. साल न पाहता नुसत्या अक्षरावर भाळलेले ग्राहक फसतात.

तिसरी वाट एकाच टांकसाळीचं एकच मूल्य सालवार जमवण्याची: डलॉनेगाचे पाच डॉलर, न्यू ऑर्लिन्सचे दहा डॉलर, कार्सन सिटीचे वीस डॉलर. ही वाट लांबची आहे आणि तिच्यावर एखाद-दोन नाणी अशी येतात की संच कायमचा अपुरा राहू शकतो. तीन डॉलरच्या नाण्यांत १८७०-एसचं, म्हणजे त्या साली सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेलं, एकच नाणं खात्रीने माहीत आहे. पाच डॉलरच्या १८५४-एसची २६८ नाणी पडली, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. पूर्ण संचाचा हट्ट धरण्याआधी ही यादी पाहून ठेवावी.

अंक म्हणजे मत

अमेरिकी नाण्यांची प्रत १ ते ७० अशा अंकांत सांगतात. ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी तयार केली होती. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. आपल्या कामाचे टप्पे असे: एक्सएफ-४० आणि ४५ म्हणजे बेताची झीज, एयू-५० ते ५८ म्हणजे फक्त उंच भागांवर हलकं घर्षण, आणि एमएस-६० पासून पुढे अजिबात न वापरलेलं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणं तपासतात, अंक देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत सील करतात. या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात.

या क्षेत्रात स्लॅबशिवाय महाग नाणं घेऊ नये. तरी स्लॅबवरचा अंक हे तज्ज्ञांचं मत असतं, मोजमाप नव्हे. तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर अंक एखाद्या पायरीने वर किंवा खाली येऊ शकतो. पायऱ्यांत किमतीची दरी मोठी असेल तर व्यापारी हा खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. त्यातून जुन्या सोन्यात एक विचित्र परिस्थिती तयार झाली आहे. एमएस-६१ चा शिक्का असलेलं, गालावर ओरखडे असलेलं, फिक्कट नाणं महाग विकलं जातं. शेजारचं एयू-५८ मात्र झळाळीने भरलेलं, मूळ रंगाचं, फक्त केसांच्या टोकाला किंचित घासलेलं. दिसायला दुसरं सरस आणि किमतीने कमी. डलॉनेगा आणि शार्लटच्या अनेक सालांत जाणकार एयू-५८ लाच पसंती देतात ती यासाठी.

दुसऱ्या मताचीही सोय आहे. जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी ही संस्था सुरू केली. ती आधीच स्लॅबमध्ये असलेलं नाणं तपासते. दिलेल्या अंकाला ते भक्कमपणे पात्र असेल तर हिरवं स्टिकर लावते, अंकापेक्षा सरस वाटलं तर सोनेरी. जुन्या सोन्यात स्टिकर नाकारलं जाणारी नाणी पुष्कळ आहेत, त्यामुळे स्टिकर असलेल्याला चढा भाव मिळतो. स्टिकर नसलेलं नाणं वाईटच असतं असं नाही. पण ते का नाही, याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी शोधता आल्याशिवाय पैसे काढू नयेत.

पृष्ठभाग वाचायला शिका

आपल्या घरांत सणाआधी दागिने रिठ्याच्या पाण्यात घालून चकचकीत करायची पद्धत आहे. तेच जुन्या नाण्याला केलं की त्याची निम्म्याहून जास्त किंमत एका दुपारीत जाऊ शकते. या छंदात घासलेलं, पुसलेलं, पॉलिश केलेलं नाणं हे बिघडलेलं नाणं. ग्रेडिंग कंपन्या त्याला पूर्ण अंक देत नाहीत. ‘डिटेल्स’ असा शेरा मारून दोष लिहितात. एके काळी दागिन्यात बसवलेल्या, कडेला डाग दिल्याची खूण असलेल्या किंवा भोक बुजवलेल्या नाण्यांचंही तेच.

पाहण्याचा क्रम ठरवून घ्या. खोलीतले बाकीचे दिवे मंद करा. एकच तीव्र दिवा वरून पडू द्या आणि नाणं त्याखाली हळूहळू तिरकं करत फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा अखंड फिरतो. टांकसाळीत धातू दाबला जाताना बाहेरच्या बाजूला वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे ही झळाळी येते. झीज झाली की सगळ्यांत आधी त्या रेषा पुसल्या जातात. लिबर्टीच्या कानावरचे केस, मुकुटाची कड, मागच्या बाजूला गरुडाची मान आणि पंखांची टोकं, या जागी पट्टा तुटतो का ते पाहा.

इथे नवशिक्याची गफलत होते. दक्षिणेतल्या टांकसाळींची यंत्रं आणि साचे फिलाडेल्फियाच्या तोडीचे नव्हते, म्हणून डलॉनेगाच्या किंवा शार्लटच्या नाण्यावर केस किंवा गरुडाची मान पहिल्या दिवसापासूनच सपाट असू शकते. ती झीज नव्हे, कमजोर छाप. ओळखायचं कसं? झीज असेल तर त्या जागेचा रंग आसपासपेक्षा वेगळा, मळकट दिसतो आणि शेजारच्या मोकळ्या भागातलीही झळाळी कमी झालेली असते. छाप कमजोर असेल तर तपशील नसतो, पण भोवतालची झळाळी शाबूत असते.

मग ओरखडे. सोनं मऊ, आणि वीस डॉलरची जड नाणी पोत्यांत भरून बँकेतून बँकेत फिरवली जायची. एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा त्यामुळे न वापरलेल्या नाण्यांवरही असतातच. त्या किती आहेत याइतकंच त्या कुठे आहेत हेही महत्त्वाचं. लिबर्टीच्या गालावरची एक खोल खूण मागच्या बाजूच्या दहा बारीक खुणांपेक्षा जास्त सलते, कारण नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

शेवटी रंग. दहा टक्के मिश्रधातूत तांबं आणि चांदीचं प्रमाण टांकसाळीनुसार बदलायचं. डलॉनेगाच्या अनेक नाण्यांना हिरवट छटा असते, ती त्या खाणींच्या सोन्यातल्या चांदीमुळे. इतरत्र नारिंगी, तांबूस किंवा गर्द पिवळा रंग दिसतो. जुन्या न छेडलेल्या नाण्यांत अक्षरांच्या कडांना आणि ताऱ्यांच्या खाचांत दीडशे वर्षांचा मळ साचलेला असतो. तो काढू नये, तो नसेल तर विचारात पडावं. सगळीकडे एकसारखं, लिंबासारखं पिवळं दिसणारं नाणं बहुधा रसायनात बुचकळलेलं असतं. याहून कावेबाज प्रकारही चालतात: ओरखडे लपवण्यासाठी पारदर्शक लुकणासारखा पदार्थ भरणं, लेसरने खुणा वितळवणं, कृत्रिम रंग चढवणं. भिंगातून पाहताना गालावर धुरकट, सपाट, झळाळी न फिरणारा पट्टा दिसला तर ते नाणं परत ठेवा.

संख्येचे अहवाल आणि समुद्रातून आलेलं सोनं

प्रत्येक ग्रेडिंग कंपनी आपण कोणत्या सालचं नाणं कोणत्या अंकाने किती वेळा तपासलं याची यादी जाहीर करते. तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात. विक्रेता ‘याहून वरचं एकच नाणं आहे’ असं सांगतो तेव्हा आधार याच यादीचा असतो. यादी वाचावी, पण दोन सावधगिऱ्या बाळगून.

एक, तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पुन्हा पाठवल्याने तिच्यातली संख्या फुगलेली असते. एमएस-६२ ची म्हणून दाखवलेली पाच नाणी प्रत्यक्षात दोनच असू शकतात.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, आज दिसणारी दुर्मिळता उद्या पातळ होऊ शकते. सुरुवातीच्या १८५७-एस नाण्याची गोष्ट इथे पूर्ण होते. त्या सालचं कोरं, उच्च प्रतीचं नाणं एके काळी खरोखर दुर्मीळ होतं. १२ सप्टेंबर १८५७ रोजी एसएस सेंट्रल अमेरिका ही आगबोट कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यू यॉर्ककडे जाताना कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे वादळात बुडाली. चारशेहून अधिक माणसं दगावली. १९८८ मध्ये सुमारे २,२०० मीटर खोलीवर तिचा सांगाडा सापडला आणि त्यातून १८५७-एसची पाच हजारांहून जास्त नाणी वर आली, बरीचशी टांकसाळीतून निघाल्यासारखी. ज्यांनी त्याआधी ‘सर्वोत्तम माहीत असलेलं’ म्हणून ते साल चढ्या भावात घेतलं होतं, त्यांच्या नाण्याची दुर्मिळता एका मोहिमेत संपली. ब्रदर जोनाथन जहाजाने १८६५-एसचं आणि एसएस रिपब्लिक जहाजाने फिलाडेल्फियाच्या १८६५ चं असंच केलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याला आपल्या जमिनीत डबे सापडले, त्यांत १,४२७ नाणी निघाली. तो सॅडल रिज साठा.

यावरून दोन प्रकारच्या दुर्मिळतेत फरक करता येतो. लाखोंनी पाडलेलं, पण उच्च प्रतीत क्वचित दिसणारं नाणं हे परदेशी तिजोरी किंवा बुडालेलं जहाज उघडलं की धोक्यात येतं. मुळातच दोन-चार हजार पाडलेलं आणि बहुतेक झिजलेलं नाणं त्यामानाने सुरक्षित असतं, कारण नवं नाणं सापडलं तरी ते एखाददुसरंच. २०१८ मध्ये १८५४-एसचं आणखी एक पाच डॉलरचं नाणं उजेडात आलं. मालकाने ते आधी ज्यांना दाखवलं त्यांनी खोटं ठरवलं होतं. एनजीसीने खरं असल्याचा निर्वाळा देऊन एक्सएफ-४५ दिला आणि लिलावात त्याला २१ लाख ६० हजार डॉलर आले. बाजार डगमगला नाही. महाग ‘कंडिशन रॅरिटी’ घेण्याआधी स्वतःला विचारा: हे नाणं पाडलं किती होतं, आणि गेलं कुठे?

खोटी नाणी: कसोटीचा दगड पुरत नाही

आपल्याकडे सोन्याची शंका आली की सराफाकडे जायचं, ही रीत. इथे ती अपुरी पडते. विसाव्या शतकाच्या मध्याला मध्यपूर्वेत अमेरिकी सोन्याच्या नाण्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर बनल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या सोन्याच्या, योग्य वजनाच्या होत्या. सराफ सांगेल सोनं खरं. नाणं तरीही खोटं.

त्याहून घातक म्हणजे खऱ्या नाण्यावरची कारागिरी. फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावर बारीक ‘सी’ किंवा ‘डी’ चिकटवायचं, किंवा सालातला एक आकडा बदलायचा. अक्षराच्या बुडाशी सांध्याची रेघ, आसपास घासल्याच्या खुणा, अक्षराचा आकार किंवा जागा मूळ साच्याशी न जुळणं, यांवरून ते उघडं पडतं. नकली साच्यातून निघालेल्या नाण्यांवर त्याच जागी तोच खड्डा वारंवार दिसतो, कारण ज्या नाण्यावरून साचा बनवला त्याचा दोष सगळ्यांत उतरतो. आता स्लॅबच्याही नकला येतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र हातातल्या नाण्याशी, ओरखड्यासकट, ताडून पाहा. क्रमांक खरा असणं पुरेसं नाही.

खरेदीची शिस्त

पैसे नाण्यावर घालण्याआधी थोडे पुस्तकांवर घाला. १९४६ पासून निघणारं ‘रेड बुक’ किमतींसाठी नव्हे, आराखड्यासाठी हवं. डग विंटर यांची शार्लट, डलॉनेगा आणि न्यू ऑर्लिन्सच्या सोन्यावरची पुस्तकं, आणि डेव्हिड बॉवर्स यांचं वीस डॉलरच्या नाण्यांवरचं पुस्तक, यांत प्रत्येक सालाची पट्टी दिलेली आहे: छाप कशी असते, रंग कसा, कोणत्या प्रतीनंतर नाणं खरंच मिळत नाही. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या न्यूमन नाणेशास्त्र पोर्टलवर जुन्या लिलावांच्या याद्या फुकट वाचता येतात.

हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या मोठ्या लिलावसंस्थांचे जुने निकाल छायाचित्रांसह खुले आहेत. घ्यायच्या नाण्याच्या त्याच सालचे, त्याच प्रतीचे निकाल काढा आणि छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. एकाच अंकाच्या दोन नाण्यांच्या किमतींत दीडपट फरक का पडला हे स्वतःचं स्वतःला सांगता येईपर्यंत बोली लावू नका. बोली लावताना खरेदीदाराचं शुल्क धरूनच मर्यादा ठरवा. ते साधारण २० टक्के किंवा थोडं अधिक असतं, आणि हातोडा पडल्यावर वर चढतं.

छायाचित्रावर पूर्ण भिस्त ठेवू नका. दिव्याची जागा बदलून ओरखडे लपवता येतात, झळाळी वाढवता येते. लिलावाआधीच्या प्रदर्शनात किंवा नाण्यांच्या मोठ्या मेळाव्यात नाणं हातात घेऊन पाहता आलं तर उत्तम. नाहीतर तुमच्या वतीने ते पाहून खरं मत देणारा व्यापारी शोधा. चांगला व्यापारी ‘हे घेऊ नका’ असं अधूनमधून सांगतो. मूळ संग्रहाचं नाव असेल तर तेही मोलाचं. लुई एलियासबर्ग, हॅरी बास, नॉरवेब, जॉन जे पिटमन ही नावं लेबलावर दिसली की जुन्या यादीतलं छायाचित्र शोधा. नाणं तेव्हा कसं दिसत होतं आणि मधल्या काळात कुणी ‘सुधारलं’ का, हे कळतं.

आणि एक नियम: वर्षाच्या रकमेत पाच मध्यम नाणी बसत असतील तर एकच चांगलं घ्या. विकायची वेळ येते तेव्हा मध्यम नाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं, चांगल्या नाण्याला गिऱ्हाईक शोधत येतं. १८९० च्या दशकातली अनेक वीस डॉलरची नाणी सोन्याच्या भावाच्या आसपासच असतात. ती सोनं म्हणून घ्यायला हरकत नाही, पण त्यांना संग्रह समजू नये.

जपणूक, कर आणि कायदा

सोनं गंजत नाही, त्यातलं तांबं मात्र डाग धरतं. दमट हवेत, विशेषतः मुंबईत किंवा कोकणात, स्लॅब हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. मऊ पीव्हीसी पाकिटं वापरू नका. त्यांतून सुटणारं द्रव्य नाण्यावर हिरवट थर चढवतं. अमेरिकेतल्या घराच्या साध्या विमा पॉलिसीत नाण्यांसाठी भरपाईची मर्यादा अगदी थोडी असते, म्हणून बँकेचा लॉकर आणि संग्रहासाठी वेगळा विमा, दोन्ही हवेत.

अमेरिकेत एका वर्षाहून जास्त ठेवलेलं नाणं नफ्यात विकलं तर ते ‘कलेक्टिबल’ धरलं जातं आणि त्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. शेअरचा दर धरून हिशेब करणाऱ्यांची इथे फसगत होते. खरेदीची बिलं, शुल्काच्या पावत्या सांभाळा.

नाणी भारतात आणण्याचा विचार असेल तर आधी सीए आणि कस्टम्सचा जाणकार गाठा. सीमाशुल्क हा एक भाग झाला. दुसरा भाग फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही: १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंमध्ये नाण्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्यावर खासगी व्यक्तींना बंदी आहे. हौसेने पुण्याला आणलेलं नाणं पुढे न्यू यॉर्कच्या लिलावात पाठवायचं म्हटलं तर अडचण होऊ शकते. अमेरिकी सोन्याची खरी बाजारपेठ अमेरिकेत आहे. संग्रह तिथेच ठेवणं बहुतेकांच्या सोयीचं.

घरच्यांसाठी एक यादी करून ठेवा: नाणं, स्लॅब क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत, आणि विकायचं झाल्यास कोणत्या लिलावसंस्थेकडे जायचं. यादीच्या वर ठळक अक्षरांत लिहा की डबी फोडायची नाही, नाणं पुसायचं नाही आणि तोळ्याच्या भावाने द्यायचं नाही. जाणकार माणसाच्या पश्चात त्याच्या वारसांनी सोनं म्हणून मोडलेल्या संग्रहांच्या गोष्टी सगळ्याच देशांत ऐकू येतात.

पहिलं वर्ष

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर आधी वर्षभर फक्त पाहा. सहा टांकसाळींच्या पाच डॉलरच्या नाण्यांची शंभरेक छायाचित्रं लेबल झाकून पाहा, स्वतःचा अंक लिहा, मग लेबल उघडा. जिथे तुमचा अंक आणि कंपनीचा अंक जुळत नाही, तिथे थांबून कारण शोधा. मेळाव्यात जाता आलं तर हेच हातात घेऊन करा. त्यानंतर पहिलं नाणं घ्या ते सॅन फ्रान्सिस्को किंवा फिलाडेल्फियाचं, सहज मिळणाऱ्या सालचं, मूळ रंगाचं. ते तुमचं मोजमापाचं नाणं, पुढची प्रत्येक खरेदी त्याच्या शेजारी ठेवून पाहायची. शार्लट आणि डलॉनेगा त्यानंतर, कार्सन सिटी सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक वेळी, पैसे देण्याआधी, लेबल झाकून हे नाणं का आवडलं ते दोन वाक्यांत लिहा. त्या दोन वाक्यांत अंकाचा उल्लेख करावा लागत असेल, तर ते नाणं अजून घ्यायचं नाही.